बुरशी न लागणारं धान्य जनुकबदलाने करता येईल का, आणि त्याने विषाचा प्रश्न सुटेल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही बोरिवलीत घरच्या घरी नाचणीसत्त्व, भाजणी आणि लहान मुलांसाठी मका-ज्वारीचं मिश्र पीठ करून विकता. गेल्या पावसाळ्यात वाशीच्या बाजारातून आणलेल्या मक्याच्या एका पोत्याला कुबट वास आला, काही दाण्यांवर हिरवट बुरशी दिसली. या बुरशीच्या विषाने यकृताचा कॅन्सर होतो असं कुणीतरी सांगितलं आणि तुमची झोप उडाली. आता तुम्ही विचारता की शास्त्रज्ञ जनुकं बदलून बुरशी न लागणारं धान्य का करत नाहीत, केलं असेल तर ते कुठे मिळतं, आणि ते बाळांना द्यायला चालेल का.

मी पिकांच्या बुरशीरोगांवर काम करते. आधीची बरीच वर्षं मका आणि गव्हात नवी जनुकं घालण्यात गेली, अलीकडे मुंबईत धान्यातली बुरशीची विषं मोजण्याचं काम जास्त असतं. दोन्हीकडे काम केल्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. जनुकबदल हा या रोगांवरचा खरा उपाय आहे आणि तो आपल्या शेतकऱ्यांपर्यंत पोचावा असं मला मनापासून वाटतं. पण तो शेतात काम करतो. धान्य पोत्यात शिरल्यावर, दुकानात आणि तुमच्या स्वयंपाकघरात जे घडतं तिथपर्यंत त्याचा हात फारसा पोचत नाही.

मुळात पिकाला रोग होणं आणि धान्यात विष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांबेरा, भुरी, करपा हे बुरशीचेच रोग. ते उत्पादन बुडवतात, पण खाणाऱ्याला विष घालत नाहीत. विष तयार करणाऱ्या बुरशी मोजक्या आहेत. मका आणि शेंगदाण्यावर अस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन करते. फ्युझेरियमच्या काही जाती मक्यात आणि ज्वारीत फ्युमोनिसिन करतात, तर गव्हात डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, ज्याला आम्ही रोजच्या बोलण्यात नुसतं डॉन म्हणतो. बाजरीवरचा अरगट तुमच्या आजीला माहीत असेल. त्यामुळे ‘बुरशीरोधक वाण’ असं पाकिटावर लिहिलं म्हणजे ‘विषमुक्त धान्य’ असं होत नाही. उलट, दिसायला स्वच्छ दाण्यातही विष असू शकतं.

हे विष किती गंभीर? अफ्लाटॉक्सिनचा शोधच १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेल्यामुळे लागला, त्यांच्या खाद्यात शेंगदाण्याची पेंड होती. १९७४ साली आपल्याकडे बांसवाडा आणि पंचमहाल जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभरावर माणसं दगावली. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर कापणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला, भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन अनेक गावांत पोटदुखी आणि जुलाबांची साथ आली, ते फ्युमोनिसिन होतं. प्रमुख अफ्लाटॉक्सिन बी१ हे माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात आहे. तेव्हा तुमची काळजी रास्त आहे. पण वरच्या दोन्ही भारतीय घटनांत काढणीच्या सुमाराचा पाऊस होता हेही लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

आता जनुकांकडे येऊ.

सर्वांत जुना मार्ग म्हणजे रोग ओळखणारं जनुक पिकात आणणं. बुरशीचा एखादा विशिष्ट रेणू पानाने ओळखला की ते त्या जागच्या आपल्या पेशी मारून टाकतं आणि बुरशीला उपाशी ठेवतं. अडचण अशी की बुरशीचे बीजाणू अगणित असतात. त्यांतल्या एकाने तो रेणू बदलला की जनुक निकामी. गव्हातलं एसआर-३१ हे जनुक जगभर दशकानुदशकं टिकलं, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी युगांडात सापडलेल्या यूजी-९९ या तांबेऱ्याने ते पार केलं. म्हणून आता एकाच जागी चार-पाच जनुकं एकत्र बांधून घालतात, म्हणजे बुरशीला सगळ्यांवर एकदम मात करावी लागते. साध्या संकराने हे करायला फार पिढ्या लागतात आणि पुढच्या संकरात जनुकं पुन्हा विखुरतात, जनुक अभियांत्रिकीत ती एकाच गाठोड्यात राहतात. संकर आणि मार्कर (हवं ते जनुक रोपात आलं का हे दाखवणाऱ्या खुणा) यांच्या मदतीनेही चांगलं काम होतं, हे सांगायलाच हवं. दिल्लीच्या पुसा संस्थेने बासमतीच्या १८४७, १८८५ आणि १८८६ या वाणांत करप्याची आणि जिवाणूजन्य करप्याची जनुकं त्याच रीतीने आणली, त्यात जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरून जनुक घालणं, काहीच नाही.

दुसरा मार्ग म्हणजे बुरशी पिकाच्या ज्या जनुकाचा फायदा घेते तेच बंद करणं. गव्हात एमएलओ नावाच्या जनुकाच्या तिन्ही जोड्या क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने बंद केल्या की भुरी जवळजवळ लागतच नाही. चीनमध्ये हे काम २०१४ पासून पुढे गेलं आहे. पण भुरी विष करत नाही, म्हणून तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध लांबचा.

माझ्या मते सगळ्यांत विचार करण्याजोगा भाग विषावर थेट काम करणाऱ्या जनुकांचा आहे, आणि इथे गहू आणि मका यांचं वागणं एकदम वेगळं आहे. गव्हाच्या ओंबीत शिरलेल्या फ्युझेरियमला डॉन हे विष पसरण्यासाठी लागतं. ओंबीच्या मधल्या दांड्यातून पुढच्या दाण्याकडे जाताना ती गव्हाच्या पेशींचं प्रथिनं बनवण्याचं काम डॉनने बंद पाडते. म्हणजे गव्हाने डॉन निकामी केलं तर विषही कमी होतं आणि रोगही जागच्या जागी अडतो. बार्लीतल्या एका जनुकाने हे करून दाखवलं. ते डॉनच्या रेणूला साखरेचा एक रेणू चिकटवतं. मिनेसोटात हे जनुक गव्हात घातल्यावर रोगाचा ओंबीतला पसार बराच रोखला गेला. मात्र इथे एक मेख आहे. साखर चिकटलेलं डॉन आपल्या आतड्यातले जिवाणू पुन्हा मोकळं करू शकतात, आणि साधी चाचणी ते मोजतच नाही. म्हणून अशा गव्हाचा अहवाल बघताना मी आधी विचारते की झाकलेलं डॉन मोजलं का? २०२० मध्ये चिनी गटाने एका रानगवतातून एफएचबी-७ हे जनुक वेगळं केलं, ते डॉनच्या रेणूतली घातक रचनाच कायमची उघडून टाकते. मला हा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. हे जनुक त्या गवताकडे कधीकाळी त्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीकडूनच आलं असावं असा पुरावा आहे. निसर्गात जनुकं एका जीवातून दुसऱ्यात जातात ती अशी.

मक्यात अफ्लाटॉक्सिनचं तसं नाही. अस्परजिलसला दाण्यात वाढायला अफ्लाटॉक्सिन लागत नाही. विष न करणारे तिचे कितीतरी वाण निसर्गात सुखाने वाढतात. त्यामुळे मक्याने विष फोडलं तरी रोग थांबणार नाही. इथे युक्ती वेगळी आहे. मक्याच्या दाण्यात एक छोटा दुपदरी आरएनए (पेशीत जनुकाचा निरोप वाहून नेणाऱ्या रेणूच्या जातीचा तुकडा) तयार करायचा, जो बुरशीच्या विष बनवणाऱ्या जनुकाशी जुळतो. बुरशी दाण्यातून अन्न शोषते तेव्हा तो आरएनएही आत घेते, आणि तिची स्वतःचीच यंत्रणा त्या जनुकाचा निरोप कापून टाकते. २०१७ मध्ये अॅरिझोना विद्यापीठात असा मका केला. मुद्दाम बुरशी टोचलेल्या त्याच्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं नाही, साध्या मक्यात मात्र ते हजारो पीपीबीपर्यंत (एक पीपीबी म्हणजे किलोमागे एक मायक्रोग्रॅम) गेलं. पुढच्या वर्षी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेने शेंगदाण्यात हीच युक्ती आणि बुरशीविरोधी प्रथिनांची जनुकं वापरून उत्तम परिणाम दाखवले. मला या मार्गाचं विशेष कौतुक आहे, कारण बुरशीला मारलं तर ती प्रतिकार शोधते, पण तिचं नुसतं विष बंद केलं तर तिचं जगणं अडत नाही, म्हणून उलटून बदलण्याचा दबाव तिच्यावर कमी राहतो.

मग ते बाजारात का नाही? प्रयोगशाळेतलं काम कसं चालतं ते सांगते. मक्याच्या कणसात परागण झाल्यावर दहा-बारा दिवसांनी प्रत्येक दाण्यातून दोन मिलिमीटरपेक्षा लहान भ्रूण सुरीच्या टोकाने काढावा लागतो. तो पालथा पडला तर उपयोग नाही, ठरावीक बाजू वर ठेवूनच माध्यमावर लावायचा. त्यावर जनुक वाहून नेणारे जिवाणू सोडायचे, मग अनेक आठवडे पेशींच्या गोळ्याला रोप फुटतं का बघायचं. शेकडो भ्रूणांतून मोजकी रोपं टिकतात, त्यांतल्या निम्म्यांत जनुक अर्धवट बसलेलं किंवा गप्प पडलेलं. आणि ज्या जाती प्रयोगशाळेत सहज वाढतात त्या शेतकऱ्याच्या कामाच्या नसतात. मग चांगल्या वाणाशी सहा-सात पिढ्या संकर करत बसा. त्यानंतर वेगवेगळ्या हवामानात चाचण्या. दुष्काळात ताण पडलेला मका आणि भरपूर पाऊस झालेला मका अस्परजिलसला सारखा बळी पडत नाही, म्हणून एका हंगामाचा निकाल पुरत नाही.

कायद्याचा भाग लवकर आटपते. आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार जीएम पिकाला जीईएसी या केंद्राच्या समितीची मंजुरी लागते. भारतात पिकवायला परवानगी मिळालेलं जीएम तृणधान्य आज एकही नाही. बीटी कापूस (किडीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला) २००२ पासून आहे, बीटी वांगं २०१० मध्ये थांबवलं गेलं. मार्च २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचं जनुक न ठेवता फक्त संपादन केलेल्या पिकांना बराचसा कडक मार्ग माफ केला, आणि मे २०२५ मध्ये ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे दोन जनुक-संपादित भात जाहीर झाले. ते बुरशीसाठी नाहीत. एमएलओसारखं संपादन या सवलतीत बसतं, पण आरएनए तयार करणारा मका बसत नाही, कारण त्यात बाहेरून घातलेलं जनुक राहतं. म्हणून तुम्हाला ज्या विषाची काळजी आहे त्यावरचा मका सगळ्यात उशिरा येईल. त्यामुळे आज कुणी ‘जीएम, बुरशीमुक्त’ म्हणून मका-ज्वारी विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

‘बाळांना चालेल का’ या प्रश्नाचं उत्तर कोणतं जनुक घातलंय त्यावर अवलंबून आहे. सरसकट हो किंवा नाही म्हणणारा माणूस विचार करून बोलत नाही. आरएनएच्या मार्गात नवं प्रथिन तयार होतच नाही, त्यामुळे अॅलर्जीचा मुख्य प्रश्न उरत नाही. वनस्पतींचा आरएनए आपण रोज प्रत्येक भाजीतून खातो आणि पचवतो. तरीही तो तुकडा माणसाच्या कुठल्याही जनुकाशी जुळत नाही ना, हे तपासणं बंधनकारक असायला हवं. बुरशीविरोधी प्रथिन घातलं असेल तर त्याची अॅलर्जीसाठी वेगळी आणि नीट तपासणी हवीच. हे सगळं झालं असेल तर मी माझ्या घरच्या लहानग्याला असा मका देईन, अफ्लाटॉक्सिन असलेल्या साध्या मक्यापेक्षा आनंदाने देईन.

एक मजेशीर आडवळण. बीटी मका हा किडीसाठी केला होता, बुरशीसाठी नाही. पण कणसात अळी शिरली नाही की तिने पाडलेल्या भोकांतून बुरशीही शिरत नाही, आणि जगभरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर अशा मक्यात फ्युमोनिसिन सुमारे ३०% कमी आढळलं. २०१८ मध्ये लष्करी अळी आपल्या देशात आली तेव्हापासून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अळी आवरली, तर विषाचा एक रस्ता बंद होतो, मग ती कुठल्याही उपायाने आवरा.

आता तुमच्या पोत्याकडे. दाणा वाळला की त्यातल्या पेशींचं काम जवळजवळ थांबतं, म्हणून शेतात आरएनए बनवणारा मका साठवणीत किती राखण करेल याचा भरवसा मी देणार नाही. साठवणीत निकाल ओलावा लावतो. हवेतली आर्द्रता ७०% च्या वर गेली की उघड्या पोत्यातला मका १४ टक्क्यांच्या वर ओलावा ओढू लागतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या वर असते आणि उष्णता अस्परजिलसला मानवणारी. परतीच्या पावसात भिजलेला मका नीट न वाळवता आला असेल तर तुमच्या हाती येण्याआधीच काम बिघडलेलं असतं. म्हणून घेताना ओलावा बघा. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर मका आणि चमचाभर अगदी कोरडं मीठ घालून जोरात हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, ते पोतं परत करा. घेतलेलं धान्य हवाबंद डब्यात किंवा जाड, सीलबंद पिशवीत ठेवा, पावसाळ्याचा साठा करू नका, थोडं थोडं आणा.

शिजवून किंवा भाकरी भाजून हे विष जात नाही. भाजणीसाठी भाजताना काही अंश कमी होतो, पण त्यावर विसंबू नका. निवडणं मात्र खरोखर काम करतं, कारण विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं. हिशेब बघा. एका सडक्या दाण्यात एक लाख पीपीबी अफ्लाटॉक्सिन असू शकतं. दाण्याचं वजन ०.३ ग्रॅम धरा, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम विष. तो एक दाणा किलोभर स्वच्छ मक्यात मिसळून दळला तर पीठ ३० पीपीबीवर जातं, आणि तृणधान्यासाठी आपली मर्यादा १५ आहे. युरोपात बाळांच्या अन्नात तर बी१ ची मर्यादा ०.१ आहे. म्हणून दळण्याआधी ताटात पसरून रंग गेलेले, चिरलेले, हलके, किडके दाणे काढणं हे तुमच्या व्यवसायातलं सगळ्यात मोलाचं काम आहे, ते घाईने करू नका आणि पगारी माणसावर सोपवून विसरू नका. निवडलेले दाणे गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका. गाईच्या खाद्यातलं अफ्लाटॉक्सिन बदललेल्या रूपात दुधात उतरतं.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट वाचून मला मक्यापेक्षा जास्त काळजी वाटली, ती सत्त्वाची. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणता आणि पावसाळ्यात पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवता असं लिहिलंय. ओला, उबदार, अन्नाने भरलेला दाणा आणि मंद हवा, बुरशीला याहून सोयीचं काही नाही. इथे कुठलंही जनुक मदतीला येणार नाही. सत्त्वाचा वर्षाचा माल एप्रिल-मेच्या उन्हात करून ठेवा, किंवा ५५-६० अंशांचा ट्रे ड्रायर घ्या, त्यात पातळ थर लावून एका दिवसात दाणे कडक वाळले पाहिजेत. मोड दीड दिवसाच्या वर नेऊ नका. थोडासा चिकटपणा, धागे किंवा कुबट वास आला तर सगळी खेप टाकून द्या, धुऊन वाचवू नका.

तपासणीला नमुना पाठवताना पोत्याच्या वरून एक मूठ काढू नका. पोत्यात खुपसायची पोकळ सळई, ज्याला व्यापारी परखी म्हणतात, ती घेऊन वरून, मधून, तळातून, कडेने धान्य काढा, निदान दोन किलो जमवा, सगळं एकत्र दळा आणि मग त्या पिठातून नमुना द्या. एनएबीएल, म्हणजे चाचणी प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारी संस्था, तिची मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा. मका आणि ज्वारीसाठी अर्जावर ‘एकूण अफ्लाटॉक्सिन, बी१ आणि फ्युमोनिसिन’ असं स्पष्ट लिहा. नाचणीचा कच्चा दाणा पाठवू नका, तयार सत्त्व पाठवा, आणि तेही जुलैमध्ये केलेल्या खेपेचं.